गिधाडांचे ऋण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात सृष्टी आणि विज्ञान या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आमच्या वेळी त्या परीक्षेस एस. एस. सी. म्हणू लागले होते. पण घरातील वडील मंडळी मॅट्रिकच म्हणत, आणि तोच शब्द आमच्या तोंडी बसला आहे. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन छत्तीस वर्षे खेड्यांतील प्राथमिक शाळांत मुलांना पाढे शिकविले. अशा माणसाने विज्ञानाविषयी बोलावे ते काय? परंतु नकाराचे पत्र टाकल्यावर रात्री झोप येईना. सांगण्यासारखी एक गोष्ट आमच्यापाशी आहे, ती पुष्कळ वर्षे मनात दडवून ठेवली आहे, आणि आपल्या माणसांपुढे ती सांगण्याची संधी पुन्हा येईलच असे नाही, असे वाटले. म्हणून दुसऱ्या दिवशी होकार कळविला.

सृष्टीचा समतोल बिघडत चालला आहे, हवामान बदलत आहे, हे आपण नित्य वाचतो. विषय एवढा मोठा आहे की ऐकणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच लागत नाही. म्हणून आम्ही त्यातील एकच धागा घेणार आहोत. तो धागा म्हणजे गिधाड. हे नाव ऐकताच काही भगिनींनी पदर तोंडास लावला, तो आम्हांस येथून दिसला. त्याबद्दल राग नाही. आम्हीही वर्गात 'गिधाडासारखे तुटून पडणे' हा वाक्प्रचार शिकविताना मुलांकडून लोभी सावकाराचेच वाक्य करून घेत असू.

आमचे बालपण माणदेशात गेले. १९७२च्या दुष्काळात आमचे वय बारा वर्षांचे होते. वैरण संपली, आड आटले, आणि ज्या खिलार जनावरांवर माणदेशाने जीव लावला ती दावणीला उभ्या उभ्या खाली बसू लागली. बसलेले जनावर पुन्हा उठत नसे. गावाच्या पूर्वेस ओढ्यापलीकडे एक उघडा माळ होता. मेलेली जनावरे तेथे नेऊन टाकीत. त्या वर्षी माळावर एका दिवशी चार चार, पाच पाच जनावरे पडत. आकाशात प्रथम एक ठिपका दिसे, मग दहा, मग शंभर. आणि पाहता पाहता माळ गिधाडांनी भरून जाई. सोललेला बैल तासाभरात साफ होई. संध्याकाळी तेथे पांढरीस्वच्छ हाडे तेवढी उरत, आणि पुढे ती हाडेही गोळा करणारे घेऊन जात. माणसे त्या वर्षी अर्धपोटी राहिली, खडी फोडावयास गेली. पण माळावरच्या घाणीमुळे गावात रोगराई पसरली, असे घडले नाही. ते कोणामुळे, हा प्रश्न तेव्हा कोणीच विचारला नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ही ज्ञातीची सभा आहे. मेलेले जनावर आपण ओढून नेत नव्हतो. ते काम आपण गावकुसाबाहेरच्या बांधवांच्या गळ्यात बांधले होते. ते जनावर ओढीत, कातडे सोलीत, आणि मग त्यांना आपल्या ओसरीवर चढू देत नसू. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणे सोडून द्या, स्वाभिमानाने जगा, असे आपल्या लोकांना सांगितले. पुढे गावोगाव त्यांनी हे काम टाकले, आणि ते योग्यच केले. माणसाची आणि पक्ष्याची तुलना करण्याचा अविवेक आमच्याकडून घडू नये. आम्हांस सांगावयाचे आहे ते आपल्याविषयीच. जो आपली घाण काढतो त्यालाच घाणेरडा म्हणावयाचे, ही सवय आपल्या हाडीमाशी इतकी मुरलेली आहे की माणूस आणि पाखरू या दोघांच्याही बाबतीत आपण तीच चूक केली.

आता पुढील भाग ऐकावा. १९९०नंतर गिधाडे कमी होऊ लागली. राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात ही गोष्ट प्रथम नीट नोंदली गेली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था. तिचे संशोधक डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात तेथील गिधाडे मोजली होती. दहाबारा वर्षांनी पुन्हा मोजावयास गेले, तो घरटी ओस पडलेली, आणि उरलेली गिधाडे माना खाली टाकून झाडांवर बसलेली. मग देशभर मोजणी झाली. १९९२ साली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे जेथे हजार होती, तेथे २००७ साली एक उरले. लांब चोचीच्या आणि सडपातळ चोचीच्या गिधाडांचीही शंभरांतील सुमारे सत्त्याण्णव गेली. एवढ्या थोड्या काळात एवढा मोठा संहार झाल्याची उदाहरणे पक्ष्यांच्या इतिहासात फार विरळा.

कारण काय असावे? कोणी म्हणाले झाडे तोडली म्हणून. परंतु जेथे एकही झाड तुटले नव्हते त्या अभयारण्यातही गिधाडे मरत होती. कोणी म्हणाले अन्न कमी झाले; परंतु माळावर जनावरे सडत पडली होती. पुष्कळ शास्त्रज्ञांना हा साथीचा रोग वाटला आणि ते विषाणू शोधीत राहिले. मेलेल्या गिधाडाचे पोट फाडले, की काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर चुन्यासारखा पांढरा थर दिसे. तो यूरिक आम्लाचा होता. पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झाली की असे होते. पण मूत्रपिंडे निकामी कशाने झाली, ते कळेना.

हे कोडे २००४ साली सुटले. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यकीय संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मेलेली गिधाडे तपासली. असा पांढरा थर असलेल्या पंचवीस गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक हे औषध सापडले. पंचविसांतील एकही त्यास अपवाद नव्हते. आणि जी तेरा गिधाडे अन्य कारणांनी मेली होती, त्यांच्यापैकी एकातही ते औषध नव्हते. मग ते औषध दिलेल्या जनावरांचे मांस काही गिधाडांना खाऊ घालून पाहिले, तेव्हा त्यांतीलही पुष्कळ तशीच मेली.

हे डायक्लोफिनॅक आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. गुडघेदुखीवर, कंबरदुखीवर आपण ज्या गोळ्या घेतो, ज्याचे इंजेक्शन टोचून घेतो, त्यांतले हे वेदनाशामक. १९९४च्या सुमारास ते आपल्या देशात स्वस्त झाले आणि जनावरांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. बैल लंगडू लागला, गाईची कास सुजली, म्हैस तापली, की इंजेक्शन. जनावरास बरे वाटे. त्यात शेतकऱ्याचा दोष काय? परंतु काही जनावरे उपचार करूनही दगावत. इंजेक्शन दिल्यापासून दोनतीन दिवसांत जनावर मेले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात, विशेषतः यकृतात व मूत्रपिंडांत, शिल्लक राही. ते जनावर माळावर पडे आणि गिधाडांचा थवा त्यावर उतरे. पुढील दोनचार दिवसांत तो थवा झाडांवरून खाली गळून पडे.

आम्ही गणिताचे मास्तर, म्हणून येथे थोडे गणित मांडतो. गिधाड रोज जेवत नाही. साधारण तीन दिवसांतून एकदा ते पोटभर खाते असे धरले, तर वर्षाची सुमारे एकशे वीस जेवणे होतात. एकशे तीस मेलेल्या जनावरांत एकच विषारी असले, तरी वर्षा-सव्वा वर्षात प्रत्येक गिधाडाच्या वाट्यास सरासरीने एक विषारी जेवण येते. शास्त्रज्ञांनी हिशोब केला तोही असाच काहीसा निघाला: गिधाडे ज्या वेगाने नाहीशी झाली, त्यास एकशे तिसांत एकापेक्षाही कमी विषारी जनावरे पुरेशी होती. प्रत्यक्षात तपासणी केली, तेव्हा शंभरांत सुमारे दहा जनावरांत हे औषध आढळले. सर्वांत ते मारक प्रमाणात नव्हते हे खरे. पण मग गिधाडांनी वाचावे तरी कसे? त्यातच मादी वर्षाला अंडे घालते ते एकच, आणि पिलू मोठे होऊन त्यास पिलू व्हावयास पाचेक वर्षे लागतात. अशा कुळाची तूट एकदा पडली की ती लवकर भरून निघत नाही.

आमच्या घरचा बैल १९९७ साली पडला. नाव ढवळ्या. सुट्टीत आम्ही गावी असताना त्याचा पुढचा पाय सुजला. इंजेक्शन आणावयास तालुक्याला सायकलवरून गेलो ते आम्हीच. तिसऱ्या दिवशी ढवळ्या गेला. त्याला ट्रॅक्टरच्या मागे बांधून माळावर नेले. त्या दिवशी किती गिधाडे उतरली हे आम्ही पाहिले नाही. एवढे मात्र सांगतो, की त्यानंतर दोनतीन वर्षांनी त्या माळावर कोणी जनावर टाकले, तर ते आठआठ दिवस सडत पडे. नाकास पदर लावल्यावाचून त्या बाजूस जाता येत नसे. आणि गिधाडांच्या जागी कुत्री आली.

निसर्गात जागा मोकळी राहत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की पुष्कळसे रोगजंतू तेथे मरून जातात. रोगाची साखळी तेथे तुटते. कुत्र्याचे तसे नाही. कुत्रे मांस खाते, उरलेले ओढ्यात ओढते, आणि बारा महिने आयते अन्न मिळाल्यामुळे त्याची पिलावळ वाढते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज केला, की १९९२नंतरच्या दीड दशकात गिधाडे गेल्यामुळे देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली, कुत्री चावण्याच्या पावणेचार कोटींहून अधिक जादा घटना घडल्या, आणि पिसाळलेल्या कुत्र्यांच्या रोगाने सत्तेचाळीस हजारांवर जादा माणसे मेली.

त्या माणसांपैकी एकास आम्ही ओळखत होतो.

१९९९ साली आमची नेमणूक दुसऱ्या एका गावी होती. शाळेच्या मागे ओढा आणि ओढ्यापलीकडे तसाच माळ. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. तो आपल्या ज्ञातीतील होता किंवा नव्हता, हे सांगण्याचे कारण नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर तो थोडा लंगडत वर्गात आला. घोट्यावर तुरीच्या दाण्याएवढी जखम होती. "काय झाले रे?" म्हणून विचारले, तेव्हा म्हणाला, "गुरुजी, माळावरलं कुत्रं डसलं." आम्ही शाळेच्या पेटीतील हळद घेतली, जखमेत दाबली, वर चिंधी बांधली, आणि त्यास म्हणालो, "मर्दासारखा रडला नाहीस, शाबास." त्याच्या वडिलांना निरोप धाडला नाही. दवाखान्यात न्यावे, हे मनात आले नाही. दुसऱ्या दिवशी वार्षिक तपासणी होती, आणि आम्ही हजेरीपत्रक पुरे करीत बसलो.

दीड महिन्याने त्यास ताप आला. पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा घसा आवळे. तो तीन दिवसांत गेला. त्याचे वडील आजही बाजारात भेटले की, "रामराम, गुरुजी," म्हणतात. मुलगा शाळेत असताना कुत्रे चावले होते, एवढे त्यांना ठाऊक आहे. गुरुजींना त्याच दिवशी कळले होते, हे ठाऊक नाही. हे भाषण देण्यापूर्वी आम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगणार होतो. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे. तत्पूर्वी आम्ही पुन्हा जाऊ, अशी आपणा सर्वांपुढे प्रतिज्ञा करतो.

ढवळ्याचे इंजेक्शन, माळावरची कुत्री आणि तो मुलगा ही पुष्कळ वर्षे आमच्या मनात तीन निराळी दुःखे होती. ती एकाच दोरीस गाठलेली आहेत, हे आम्हांस अलीकडे वाचनातून समजले. २०२४ साली शिकागो विद्यापीठाचे इयाल फ्रँक आणि वॉर्विक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा प्रबंध 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या मासिकात प्रसिद्ध झाला. त्यांची रीत साधी आणि चोख आहे. भारतातील जे जिल्हे गिधाडांच्या वस्तीस अनुकूल होते ते एका बाजूस घेतले, जे नव्हते ते दुसऱ्या बाजूस. आणि औषध स्वस्त होण्यापूर्वीचे व नंतरचे मृत्यूचे आकडे ताडून पाहिले. पूर्वी दोन्हीकडील मृत्यूंची चाल सारखीच होती. गिधाडे गेल्यावर मात्र गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा चाराहून अधिक वाढले. त्याच काळात कुत्र्यांचा सुळसुळाट आणि कुत्रे चावल्यावरच्या लशीचा खप वाढला, पाण्यातील जंतूही वाढले. २००० ते २००५ या पाच वर्षांत मिळून सुमारे पाच लाख माणसे जादा मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पाच लाख! युद्ध झाले असते तर प्रत्येक गावात स्मारक उभे राहिले असते. पण ज्याला आपण ओंगळ म्हणत होतो ते पाखरू आपल्या डोक्यावरून निघून गेले, आणि त्याच्या जाण्याने आपली माणसे गेली, हे वीस वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही. आपल्याच पूर्वजांनी जटायूस पितृतुल्य मानले होते. नाशिक जिल्ह्यातील टाकेद येथे आजही यात्रेकरू त्याच्या नावाने माथा टेकतात. आपण जटायूस नमस्कार करीत राहिलो आणि त्याच्या वंशास विष घातले.

मुंबईच्या पारशी बांधवांवर तर याहून विचित्र संकट आले. मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करणे हे ते शेवटचे दान मानतात. गिधाडे नाहीशी झाल्यावर डुंगरवाडीच्या विहिरींवर सूर्यकिरण एकवटणारी आरशांची यंत्रे बसविण्याची वेळ त्यांच्यावर आली. एका औषधाने एका ज्ञातीचा शेकडो वर्षांचा अंत्यविधी अडला. या सभागृहातील मंडळींस त्याचे दुःख कळावे.

आता थोडे समाधानाचेही सांगतो. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांस निर्धोक असल्याचे सिद्ध झाले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात, म्हणून २०१५ साली ते इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या लहान कुपीतच विकावे असा नियम झाला. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या दोन घातक औषधांनाही जनावरांपुरती बंदी झाली. हरयाणातील पिंजोर येथे गिधाडांचे संवर्धन केंद्र चालते. तेथे वाढविलेली गिधाडे २०२४ साली आपल्या विदर्भात ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. आपल्या रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात ग्रामस्थ, वन खाते व पक्षिप्रेमी मंडळींनी गिधाडांची वसाहत जपली आहे.

परंतु आम्हांस सर्वांत भावले ते नेपाळातील पिठौली या गावाचे उदाहरण. तेथील लोक म्हाताऱ्या, भाकड गाई विकत घेतात, त्यांना वैरणपाणी घालून आपल्या मरणाने मरेपर्यंत सांभाळतात, घातक औषध टोचू देत नाहीत, आणि मेल्यावर त्यांचा देह गिधाडांपुढे ठेवतात. २००६ साली त्यांनी हे सुरू केले आणि त्यास जटायूचेच नाव दिले. नेपाळात गिधाडांची संख्या पुन्हा वाढीस लागली आहे. गोसेवा आणि भूतदया ही दोन्ही व्रते एका जागी पाळता येतात, हे त्या साध्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले.

मग आपल्या मंडळाने काय करावे? ठराव तर आपण दरवर्षी पुष्कळ करतो. आमच्या विनंत्या तीनच आहेत. पहिली: आपल्यापैकी ज्यांच्या दावणीस जनावरे आहेत, त्यांनी पशुवैद्यास "मेलॉक्सिकॅमच द्या" असे स्पष्ट सांगावे, आणि माणसांचे डायक्लोफिनॅक गोठ्यात नेऊ नये. औषध दिलेले जनावर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. आणि ते स्वतःच्या हाताने पुरावे, दुसऱ्या कोणास त्यासाठी हाक मारू नये. दुसरी: कुत्रे चावले, मग जखम तुरीच्या दाण्याएवढी का असेना, ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांस लस घ्यावी. जखम खोल असल्यास जखमेत द्यावयाचे निराळे औषध असते, तेही मागावे. हा रोग एकदा अंगात उमटला की त्यावर बहुधा इलाज चालत नाही. पण वेळीच लस घेतली तर तो टळतो. मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या भिंतीवर एवढी वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहावीत. रंगाचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनातून आम्ही देऊ.

तिसरी विनंती मुलांना गोष्टी सांगणाऱ्या आजीआजोबांस आहे. कावळा, चिमणी, मोर यांच्या गोष्टी आपण सांगतोच. यापुढे एक गोष्ट गिधाडाचीही सांगावी. ते दिसावयास सुंदर नाही, त्याचे खाणे आपल्यास शिसारी आणणारे आहे, आणि तरीही त्याच्यावाचून आपले घर निरोगी राहत नाही, एवढे नातवंडांस कळले म्हणजे पुरे. जे आपल्याला आवडत नाही, तेही आपले पोशिंदे असू शकते, हे लहानपणी समजले तर पुढे माणसांशी वागतानाही त्याचा उपयोग होईल.

गेल्या वैशाखात आम्ही गावच्या माळावर जाऊन उभे राहिलो होतो. दुपारची वेळ होती. फार वर आकाशात एक ठिपका घिरट्या घालताना दिसला. डोळे अधू झाले आहेत. ती घार असेल, गरुड असेल. तो ठिपका डोंगराआड जाईपर्यंत आम्ही हात कपाळावर धरून पाहत राहिलो.